गोदाथडीची जमीन राखायची तर: नदीकाठची दगड-जाळीची संरक्षक भिंत, पायापासून माथ्यापर्यंत

नदीकाठची भिंत पडली की गावात एकच कारण सांगितले जाते: पुराने पाडली. पण पडलेल्या भिंतीजवळ उभे राहून पाहा, बहुतेक वेळा ती नदीच्या बाजूला कललेली किंवा कोसळलेली दिसते. पुराने ढकलली असती तर ती शेताकडे पडली असती. म्हणजे जोर मागून आला होता. काठाच्या मातीत मुरलेल्या पाण्याने तिला ढकलले आणि पायाखालची माती नदीने आधीच काढून नेल्यामुळे ती तोल सावरू शकली नाही.

हा जोर किती असतो ते पाहा. ३ मीटर उंचीच्या भिंतीमागे कोरडा, नीट दाबलेला मुरूम असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण २.७ टन दाब येतो. तीच भर पाण्याने पूर्ण भरली आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसली, तर दाब ५.७ टनांच्या आसपास जातो, त्यातले ४.५ टन नुसत्या पाण्याचे. भिंत दुप्पट जाड करून हा प्रश्न सोडवण्यापेक्षा पाण्याला वाट करून देणे स्वस्त पडते आणि टिकतेही.

मराठवाड्यात हा धोका जास्त आहे. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की खालच्या गंगथडीत, म्हणजे गोदावरीच्या काठी, पाणी चढते, काठची जमीन भिजून फुगते. दरवाजे बंद झाले की पात्रातले पाणी भराभर उतरते, पण काळ्या मातीतले पाणी तितक्या वेगाने निघत नाही. समोरचा आधार गेलेला आणि मागे ओझे तसेच, अशा अवस्थेत काठ ढासळतो. मांजरा, सिंदफणा, पूर्णा, तेरणा यांच्या काठीही हेच घडते. म्हणून पूर चढताना भिंत टिकली यावर समाधान मानू नका. तिची खरी परीक्षा पूर उतरताना होते.

आधी काठ पाहून घ्या

भिंतीचा विचार करण्यापूर्वी काठ नेमका कशाने तुटतो आहे ते ठरवा. तुटण्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला, नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी तळ पोखरते, वरचा काठ छज्जासारखा लटकतो आणि मग तुटून पडतो. दुसरा, चैत्र-वैशाखात काळ्या मातीला काठाला समांतर भेगा पडतात, पहिल्या वळवात पाणी थेट त्या भेगांत उतरते आणि मातीचे उभे तुकडे सुटतात. तिसरा, शेतातून वाहून येणारे पाणी एकाच जागी काठावरून खाली पडते आणि तिथे घळ तयार होते.

तिसऱ्या प्रकारात भिंतीची गरजच नसते. शेताच्या कडेने चर काढून ते पाणी दगड बसवलेल्या एका उतारावरून नदीत सोडले की काम भागते. हे न करता भिंत बांधली, तर तेच पाणी भिंतीमागे उतरते आणि तिलाच पाडते. दुसऱ्या प्रकारात काठाला १:२ उतार देऊन (१ उंचीला २ आडवे) त्यावर वाळा लावला तरी बऱ्याच ठिकाणी पुरते. भिंत खरोखर लागते ती पहिल्या प्रकारात, तीही उतार द्यायला मागे जागा नसेल तेव्हा: काठालगत घर, गोठा, विहीर, मोटारघर किंवा रस्ता असेल तर.

जायकवाडी, माजलगाव, येलदरी यांसारख्या जलाशयांच्या काठाचे गणित निराळे आहे. तिथे प्रवाह नसतो. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा काठ खातात आणि पाण्याची पातळी वर्षभर वर-खाली होत राहते. नाथसागराची, म्हणजे जायकवाडी जलाशयाची, पूर्ण पातळी १५२२ फूट, उन्हाळ्यात पाणी खूप मागे सरते आणि लोक उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात (गाळपेर). अशा काठाला उभी भिंत नको. लाट उभ्या भिंतीवर आपटली की पायाजवळची माती उकरते. तिथे १:२ ते १:३ उतारावर १५ सेंमी खडी-वाळूचा थर आणि त्यावर ३० सेंमी जाडीचे, हाताने उभे रचलेले दगडी पिचिंग करावे.

परवानगी आणि हद्द

नदीचे पात्र शासनाचे असते. सातबारा काठापर्यंत असला तरी भिंत पात्रात पुढे सरकवता येत नाही. मोजणी करून हद्द पक्की करा आणि जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयात नकाशासह अर्ज द्या, तहसीलदारांनाही कळवा. पूररेषा आखलेल्या ठिकाणी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. भिंत बांधली म्हणून या रेषा हलत नाहीत. भिंतीच्या भरवशावर निळ्या रेषेच्या आत नवे घर बांधू नका.

दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे आहेत, रॉयल्टी पावतीशिवाय उचलू नका. भिंतीसमोरच्या पात्रातून तर वाळू काढूच नका. ती उचलली की तळ खाली जातो आणि आपणच आपल्या भिंतीचा पाया उघडा पाडतो.

समोरच्या काठाचाही विचार करा. भिंत पात्रात एखादा मीटर जरी पुढे आली, तरी पाणी वळून समोरच्या शेतावर आदळते. आपली जमीन वाचवताना शेजाऱ्याची नदीत घालवायची नाही.

कोणती भिंत?

आपल्याकडे तीन पर्याय असतात: सिमेंटमध्ये बांधलेली दगडी भिंत, आरसीसी भिंत आणि दगड-जाळीची म्हणजे गॅबियन भिंत (तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून, त्या एकावर एक रचलेली). काळ्या मातीच्या काठासाठी आमचे मत स्पष्टपणे गॅबियनच्या बाजूने आहे. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, दरवर्षी हलते. सिमेंटची भिंत या हालचालीने तडकते, गॅबियन थोडी वाकते आणि उभी राहते. शिवाय दगडांच्या फटींतून पाणी आपोआप बाहेर येते.

दगडी बांधकामच करायचे असेल तर पाया मुरमावर किंवा खडकावर गेलाच पाहिजे. दर १.५ मीटरवर आडवे-उभे, एकाआड एक, ७५ ते ११० मिमीचे पीव्हीसी पाइप बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवा, प्रत्येकामागे ३० ते ६० सेंमी खडी-गोट्यांचा थर ठेवा. पाइप बसवले पण मागे खडी घातली नाही, की काळ्या मातीने ते एका पावसाळ्यात बुजतात. बाहेरून भोके दिसतात, आतून बंद असतात. आरसीसी भिंतीचे लोखंड मात्र अंदाजाने ठरवू नका, तिथे अभियंताच हवा. कोणत्याही प्रकारची भिंत नदीच्या तळाच्या वर ३ मीटरपेक्षा उंच जाणार असेल तरी हाच नियम पाळा.

वाळूची पोती ही चार दिवसांची सोय आहे. प्लॅस्टिकचे पोते उन्हात वर्षभरात चिरते.

दगड आणि जाळी

दगड खाणीचा काळा, टणक हवा. हातोड्याने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला पाहिजे, बद्द आवाज आला तर तो ट्रक परत पाठवा. मांजऱ्या दगड किंवा लाल गेरूच्या थरातला दगड अजिबात नको. खात्री नसेल तर चार तुकडे बादलीत दोन दिवस भिजवून उन्हात वाळवा आणि हे तीन-चार वेळा करा. कडा भुगा होऊन सुटल्या तर दगड नापास. आकार १५ ते २५ सेंमी. त्याहून लहान दगड जाळीतून निसटतो, मोठा घेतला तर आत पोकळ्या राहतात.

जाळी षटकोनी, दुहेरी पिळाची, १० × १२ सेंमी भोकाची, २.७ मिमी तारेची, जाड जस्त लेपाची घ्या. पात्रात कायम ओल राहत असेल तर जस्तावर पीव्हीसीचे आवरण असलेली घ्या. आयएस १६०१४ हे याचे मानक आहे, बिलावर ते लिहून मागा. कुंपणाची साखळी जाळी स्वस्त म्हणून वापरली जाते, आणि सर्वात जास्त घात तीच करते. तिची एक तार तुटली की पूर्ण विण उसवते, एका रात्रीत पेटी रिकामी. दुहेरी पिळात एक तार तुटली तरी बाकीची जाळी धरून ठेवते.

मागच्या बाजूला न विणलेले, नमद्यासारखे जिओटेक्स्टाइल कापड लागते, वजन दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम. पाणी जाऊ द्यायचे आणि माती अडवायची, एवढेच त्याचे काम. हे कापड वाचवू नका. ते नसेल तर दर पुराला भिंतीमागची थोडी माती दगडांतून निघून जाते आणि दोन-तीन वर्षांत वर शेतात खड्डे पडू लागतात.

३० मीटर भिंतीचे माप

पायातला १ मीटर आणि वर ३ मीटर, अशी एकूण ४ मीटर उंची धरू. पायाची रुंदी एकूण उंचीच्या ०.६ ते ०.७ पट लागते. काळ्या मातीत थोडी जास्त असलेली बरी आणि पेट्या ठराविक मापातच मिळतात, म्हणून तळाचा थर ३ मीटर रुंद, त्यावर २, मग १.५ आणि माथ्याला १ मीटर. समोरची बाजू एका रेषेत ठेवा, पायऱ्या मागे येऊ द्या. मागच्या पायऱ्यांवर बसणारी भर भिंतीला खाली दाबून धरते, पायऱ्या पुढे ठेवल्या तर हे वजन वाया जाते.

पेट्यांचा हिशेब असा: ३ × १ × १ मीटरच्या ३०, २ × १ × १ च्या ४५ (३० दुसऱ्या थराला, १५ माथ्याला लांबीने), १.५ × १ × १ च्या ३०. भिंतीसमोर तळावर अंथरायच्या ३ × २ × ०.३ मीटरच्या चपट्या गाद्या १५. सगळे मिळून २५२ घनमीटर. एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, त्यामुळे दगड ८९ ब्रास. हायवातला दगड सैल असतो आणि आपण हाताने रचतो, म्हणून ९५ ते १०० ब्रास मागवा. कापड सांध्यांसह सुमारे ४१५ चौरस मीटर. भरीचा मुरूम काठ किती मागे कापावा लागतो त्यावर ठरतो, तो मोजूनच काढा.

काम कधी?

मृग साधारण ७-८ जूनला लागतो. त्याआधी माथ्याचा थर बांधून मागची भर दाबून झाली पाहिजे, म्हणजे मेअखेर. अर्धवट भिंत पावसाळ्यात सोडली तर ती बहुधा जातेच. बंधाऱ्यांच्या फुगवट्यात काम असेल तर पाणी कधी उतरते ते आधी विचारा. नांदेड जिल्ह्यातल्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे असतात आणि नंतर बंद होतात, म्हणजे वरच्या काठाला दिवाळीनंतर उलट पाणी साठते. अशा ठिकाणी पायासाठी मार्चनंतरचेच दिवस हाती असतात. पेट्या, दगड, कापड तोवर काठावर आणून ठेवावे.

पाया

उन्हाळ्यात दिसणारा नदीचा तळ खरा तळ नसतो. पुरात पाणी तळ खोल खणते आणि उतरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ-वाळू भरून जाते. २० मिमीची सळई हातोड्याने ठोकत, भिंतीच्या रेषेत दर ३ मीटरवर तपासा. सळई जिथवर सहज उतरते तिथवर सैल भर आहे, अडते तिथे घट्ट थर सुरू होतो. पायाचा तळ त्या घट्ट थराच्या माथ्यापासून किमान १ मीटर खाली हवा. खडक आधीच लागला तर त्यात २०-३० सेंमी खाच करून थांबा. वरच्या-खालच्या ५० मीटरमध्ये डोह असेल तर त्याची खोलीही मोजा. नदी इथेही तेवढी खोल जाऊ शकते.

खोदताना काळ्या मातीचा काठ उभा कापू नका. १.५ मीटरपेक्षा खोल कापायचा असेल तर १:१ उतार द्या आणि खोदलेली माती कडेपासून २ मीटर दूर टाका. उभ्या कापलेल्या काळ्या मातीची दरड न सांगता येते आणि खाली माणसे काम करत असतात.

चर ३.५ मीटर रुंद घ्या. तळ नदीकडून काठाकडे उतरता ठेवा, १० ला १ या प्रमाणात: ३ मीटर रुंदीत मागची कड पुढच्यापेक्षा ३० सेंमी खोल. यामुळे पूर्ण भिंत काठाकडे किंचित रेलते. तळाला काळी माती किंवा गेरू निघाला तर आणखी ५०-६० सेंमी काढून डबर आणि मुरूम भरून धुम्मस करा. झिरपणाऱ्या पाण्यासाठी एका कोपऱ्यात खड्डा करून चिखल ओढणारा पंप लावा. मग तळावर आणि मागच्या कडेने कापड अंथरा, सांध्यावर ३० ते ५० सेंमी एकावर एक.

पेट्या उभ्या करणे आणि भरणे

पेटी सपाट जागेवर उलगडून कोपरे बांधा, मग जागेवर न्या. शेजारच्या पेट्या रिकाम्या असतानाच एकमेकींना बांधा, भरल्यावर तार आत जात नाही. शिवण १० ते १५ सेंमी अंतराने, एक साधा वेढा आणि एक दुहेरी वेढा, अशी सलग. दोन-तीन ठिकाणी तार पिळून सोडून देणे म्हणजे बांधणे नव्हे. रांग चेन पुलीने ताणून सरळ करा, समोर बांबूच्या किंवा पाइपच्या आडव्या पट्ट्या बांधा, नाहीतर भरताना पोट सुटते.

दगड तीन थरांत भरा, प्रत्येक थर ३३ सेंमीचा. प्रत्येक थरानंतर पुढची आणि मागची जाळी आडव्या तारेने बांधा, दर मीटरला दोन तारा. समोरच्या बाजूचे दगड हातानेच रचा, सपाट बाजू बाहेर. मधला भाग जेसीबीने भरला तरी बादली १ मीटरपेक्षा उंचावरून ओतू नका, जस्ताचा लेप खरवडतो आणि गंज तिथूनच लागतो. एक पेटी पूर्ण आणि शेजारची रिकामी, असे करू नका. एका थरापेक्षा जास्त फरक पडला की मधली जाळी फुगते. माथ्याला ३ ते ५ सेंमी जास्त भरा, दगड बसतातच. मग झाकण ओढून शिवा.

पुढचा थर विटांच्या बांधकामासारखा, उभे सांधे एकावर एक न येऊ देता. खालच्या पेट्यांच्या माथ्याला वरच्या पेट्यांचा तळ शिवायला विसरू नका.

तळाच्या थरासमोर ३ मीटर रुंदीत गाद्या अंथरून भिंतीला शिवा. पुराने भिंतीसमोर खणायला सुरुवात केली की गादीची बाहेरची कड खाली वाकून खड्ड्यावर पांघरूण घालते आणि पाया वाचतो. तळ अंदाजे किती खोल जाईल त्याच्या दीडपट तरी तिची रुंदी लागते, २ मीटरला ३ मीटर. खर्च कापायचा म्हणून पहिली कात्री या गाद्यांवर चालते. त्यापेक्षा भिंत चार मीटर कमी लांब करा.

मागची भर

खोदलेली काळी माती परत भिंतीमागे ढकलणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. ती भिजून फुगते आणि भिंतीला ढकलते, उन्हाळ्यात आकसून मागे फट सोडते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या फटीत उतरते. भिंतीमागे किमान ६० सेंमी ते १ मीटर मुरूमच भरा. कापडाला चिकटून १५ सेंमी जाड वाळूचा थर दिला तर कापड बुजत नाही. भर २० सेंमीच्या थरांत, हलके पाणी मारून, प्लेट कॉम्पॅक्टरने किंवा धुम्मसने दाबा. भिंतीपासून १ मीटरच्या आत रोलर किंवा पोकलेन आणू नका. प्रत्येक पेटी-थर पूर्ण झाला की लगेच मागे तेवढी भर, मगच पुढचा थर.

माथ्यावर भरीला बाहेरच्या बाजूला उतार देऊ नका. पाणी शेताकडच्या चरात जमा करा आणि दगडी उतारावरून भिंतीच्या टोकापलीकडे सोडा. चर ३० सेंमी खोल पुरतो, पण दर पावसाळ्याआधी साफ हवा.

टोके आणि माथा

पुष्कळ भिंती मधे टिकतात आणि टोकाला जातात. पाणी वरच्या टोकामागे शिरते, मागून भर धुऊन काढते आणि चांगली भिंत एकटी पात्रात उभी राहते. दोन्ही टोके काठात ३ ते ५ मीटर आत वळवा. वरच्या अंगाचे टोक तुटत्या वळणाच्या सुरुवातीच्याही थोडे वर, जिथे काठ अजून घट्ट आहे, तिथे रोवा. ३० मीटर लांबी धरली असेल तर हे पंख त्यातच मोजा.

मोठ्या पुरात पाणी भिंतीवरून जाणारच. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने ते पाहिले, शेते खरडून गेली. म्हणून माथ्याच्या वर उरलेल्या काठाला १:२ उतार द्या आणि वाळ्याच्या रांगा लावा: जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, जुडीतून वेगळे केलेले फुटवे १० ते १५ सेंमीवर, दोन रांगांत १ मीटर अंतर. वाळ्याची मुळे सरळ खाली जातात आणि जाळीत घुसून ती फोडत नाहीत. भिंतीपासून ५ मीटरच्या आत वड, पिंपळ, उंबर नकोत, आपोआप उगवलेले रोपही लहानपणीच काढा.

पहिल्या पुरानंतर

पाणी उतरले की आठवडाभरात भिंत पायापासून चालत पाहा. काम पूर्ण झाल्यावर माथ्यावर दर ५ मीटरला रंगाने खूण करून, दूरच्या पक्क्या खांबापासूनचे अंतर वहीत लिहून ठेवा. पुरानंतर तेच मोजा. ५ सेंमीपर्यंत फरक गॅबियनला चालतो. एकाच जागी १० सेंमीपेक्षा जास्त पुढे सरकली असेल तर खाली पाया उघडा पडला आहे का ते सळईने तपासा. गादी वाकली असेल तर ती तिचे काम करते आहे, तिला सरळ करू नका, तिच्या कडेला सुटे मोठे दगड टाका. मागे जमिनीत खड्डा पडला असेल तर नुसता बुजवू नका. उकरून कापड कुठे फाटले ते शोधा, त्यावर नवा तुकडा ५० सेंमी जास्तीचा लावा, मग मुरूम. तुटलेली जाळी त्याच दिवशी त्याच जाडीच्या तारेने शिवा. पुढचा पूर त्याच भोकातून दगड काढतो.

पुरात वाहत आलेली झाडे, पऱ्हाट्या, प्लॅस्टिक भिंतीच्या तोंडावर अडकून फटी बुजतात. पाणी उतरल्यावर हे सगळे हाताने ओढून काढा, विशेषतः खालच्या दोन थरांवरून, कारण मागचे पाणी तिथूनच बाहेर येते.